निर्लेखनाचा प्रस्ताव

कचेरीतील एखादी खुर्ची मोडली किंवा छताच्या पंख्याने फिरण्याचे साफ नाकारले, तरी नव्या वस्तूची मागणी करण्यापूर्वी जुनीचे नाव जडसंग्रह नोंदवहीतून कमी करावे लागते, आणि ते कमी करावयाचे तर वस्तू दुरुस्तीपलीकडे गेली असल्याचा दाखला सक्षम अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी जोडावा लागतो. निर्लेखनाच्या अशा प्रस्तावांवर शेरे मारण्यात ज्याची हयात जिल्हा कोषागारात गेली, त्याला सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्याच खिशातील वस्तूचा प्रस्ताव स्वतःपुढे आलेला पाहून थोडीशी गंमत वाटावी, हे स्वाभाविक होते.

9 सप्टेंबर 2025 च्या रात्री ॲपल कंपनीने आयफोन 17 जाहीर केला आणि दुसऱ्याच सकाळी बंगळूरहून चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमचा फोन सहा वर्षांचा झाला. तुम्ही निवृत्त झालात, आता त्यालाही होऊ द्या." माझा फोन 2019 सालचा आयफोन 11. विनोद बरा होता, पण निवृत्तीचे वय कोणी ठरवायचे, हा मुद्दा त्यातून सुटला होता.

नव्या फोनची किंमत 82,900 रुपये. ही रक्कम माझ्या आवाक्याबाहेरची नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. कारण पैसा नसला की निर्णय परिस्थिती घेते व माणूस मोकळा होतो, पण पैसा असूनही न घेण्याचे ठरवावयाचे तर त्याची कारणे स्वतःलाच द्यावी लागतात. सुदैवाने पंचांग मदतीस आले. विसर्जन होऊन गेले होते, पितृपक्ष लागला होता आणि विक्री सुरू व्हावयाची ती 19 तारखेला, म्हणजे सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस अलीकडे. आमच्या घरी पक्षात नवी वस्तू घेत नाहीत. या रूढीवर माझी श्रद्धा किती, हे मी कधी तपासलेले नाही. परंतु मनाच्या तगाद्याला तहकुबी देणारी इतकी सोयीची तरतूद कोणत्याही वित्तीय नियमावलीत मला आढळलेली नाही. शेजारच्या गृहस्थांनी तिला आणखी एक आधार जोडला: 22 तारखेस, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर अमलात येणार, तेव्हा थांबा, फोन स्वस्त होईल. त्यांचा हिरमोड करणे जिवावर आले, तरी सांगावे लागले की मोठे दूरचित्रवाणी संच आणि वातानुकूलन यंत्रे 28 टक्क्यांवरून 18 वर येणार आहेत. मोबाईल 1 एप्रिल 2020 पासून 18 टक्क्यांतच आहे आणि तेथेच राहणार आहे. करदरातील बदल न वाचताच त्याचा हर्ष मानण्याची आपल्या लोकांची हौस जुनी आहे.

पक्षात खरेदी वर्ज्य असते, पाहणी नव्हे, असा अर्थ लावून मी विक्री सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोरेगाव पार्कातील, त्याच महिन्याच्या प्रारंभी उघडलेल्या, ॲपलच्या दुकानात गेलो. वस्तू सुंदर होती हे नाकारण्यात अर्थ नाही. पडद्यावर बोट फिरविताच अक्षरे जशी सरकत, तशी माझ्या फोनवर कधी सरकली नव्हती. कारण माझा पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो आणि हा एकशेवीस वेळा. ज्या उणिवेची मला सहा वर्षांत गंधवार्ता नव्हती, ती क्षणार्धात उणीव म्हणून माझ्या पदरी आली, आणि तेथून परतताना बसमध्ये वर्तमानपत्र उघडले तेव्हा माझाच फोन मला किंचित अडखळणारा भासू लागला. फोन तोच होता, त्यातली अक्षरेही तीच होती. नव्या वस्तूच्या दर्शनाने जुनीच्या दोषांची यादी वाढते, आणि या वाढीव यादीलाच आपण गरज असे नाव देतो, असा संशय मला त्या प्रवासात आला.

म्हणून घरी येऊन मी रीतसर टिपणी लिहावयास घेतली. जुन्या फोनवर सिद्ध होण्याजोगा आरोप एकच निघाला: दुपारी चारपर्यंत त्याचा प्राण कंठाशी येई. सेटिंगमध्ये बॅटरीच्या प्रकृतीचा जो आकडा दिसतो, ज्याला मी तिच्या हयातीचा दाखला म्हणतो, तो 76 टक्के होता. लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात व परत निघतात, आणि प्रत्येक फेरीत थोडे लिथियम ग्रॅफाइटवर जमणाऱ्या पापुद्र्यात कायमचे अडकून पडते. उन्हाळ्याने ही झीज वाढते. त्या पिढीच्या फोनांबाबत कंपनीचेच विधान असे की पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्के उरावेत, तेव्हा सहा वर्षांच्या नोकरीनंतर 76 ही तक्रार होऊ शकत नाही. ज्या वर्षी हा फोन बाजारात आला त्याच वर्षी या विद्युत्घटाच्या जनकांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि त्यांपैकी जॉन गुडइनफ त्या वेळी 97 वर्षांचे होते, ही गोष्ट मी टिपणीत अकारण नमूद केली. वार्धक्य हा निर्लेखनास पुरेसा आधार नाही, एवढेच मला त्यातून सुचवायचे होते.

बाकीचे मुद्दे भराभर निकालात निघाले. 15 सप्टेंबरला आलेली नवी प्रणाली ज्या फोनांना लागू होती त्यांत आयफोन 11 सर्वांत जुन्या मालिकेत होता. एक्सआर आणि एक्सएस वगळले गेले होते. म्हणजे मुदत संपत आली होती, संपली नव्हती. चार्जिंगची तार घरातील इतर साऱ्यांपेक्षा वेगळी, ही गैरसोय खरी, पण ती तार मजजवळ होती. कॅमेऱ्याच्या रकान्यात मात्र लेखणी थांबली. संध्याकाळच्या मंद उजेडात नात एका जागी उभी राहत नाही, आणि माझ्या छायाचित्रांत तिचा बहुधा फ्रॉकच तेवढा स्पष्ट येतो. नवा फोन तिचा चेहरा टिपील, हे चिरंजीवांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून दिसत होते. त्या रकान्यापुढे मी शेरा लिहिला नाही. तो अद्याप कोरा आहे.

दाखला दुरुस्तीपलीकडचा नव्हता, सबब प्रस्ताव नामंजूर झाला. नवरात्रात बॅटरी बदलून घेतली, तिला नव्या फोनच्या किमतीचा लहानसा अंश पडला, आणि फोन पुन्हा रात्रीपर्यंत पुरू लागला. चिरंजीवांना मी कळविले की पुढच्या सप्टेंबरात फेरसुनावणी होईल आणि पक्ष आड आल्यास तहकुबीचा हक्क राखून ठेवला आहे. दिवाळीत नव्या वर्षाचे कॅलेंडर घरी आले, ते चाळता चाळता सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पुढच्या साली अधिक ज्येष्ठ आहे. पक्ष लागायला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडेल. यंदासारखा फोन नऊ तारखेलाच आला, तर काय सांगणार?"