घरातली वैरण

काळा कोट, गडद जांभळी पैठणी आणि पांढरा ससा ह्या तीन गोष्टी एका घरात सुखाने नांदू शकत नाहीत, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. आमच्या घरी ह्या तिन्ही आहेत. कोट माझा, तो लग्नकार्यापुरता कपाटाबाहेर येतो. पैठणी हिची. आणि ससे आमच्या कन्येचे. म्हणजे आणले तिने, नावे ठेवली तिने, आणि शिकायला पुण्याला जाताना ते आमच्या पदरात टाकले तिने. मुलांची इस्टेट आईबापांकडे वारशाने येण्याचा हा उफराटा प्रकार हल्ली बऱ्याच घरांत दिसतो. कुणाच्या वाट्याला मासे येतात, कुणाच्या वाट्याला गिटार. आमच्या वाट्याला एक पांढरा ससा आणि एक खारकेच्या रंगाची सशीण आली. त्याचे नाव चांदोबा, तिचे नाव खारीक.

ससा केस गाळतो म्हणजे नेमके काय करतो, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगणे कठीण आहे. कुत्र्याचा केस जाड असतो. तो खाली पडतो आणि पडल्या जागी राहतो. सशाच्या अंगावरचा आतला केस पिंजलेल्या कापसासारखा. त्याला पडणे ठाऊक नाही, तरंगणे तेवढे ठाऊक आहे. पंखा लावला की तो वर जातो, पंखा बंद केला की सावकाश खाली येतो, आणि खाली येताना नेमका दह्याचे भांडे शोधून काढतो. थोडेफार केस बाराही महिने गळतात. पण आमच्याकडे वर्षातून दोनदा त्याला भर येतो. एकदा होळीच्या सुमाराला आणि एकदा दसऱ्याच्या मागेपुढे. म्हणजे घरोघर जाळीजळमटे काढून, भिंती झटकून दिवाळीची तयारी चालते, तेव्हा आमच्या घरात चांदोबा नवे जाळे विणत असतो. ही डावीकडून झाडत येते आणि तो उजवीकडून अंग झटकत येतो.

आपल्या भाषेने ह्या बाबतीत थोडा घोटाळा करून ठेवला आहे. माळावर उड्या मारणारा तोही ससा आणि घरात पाळलेला तोही ससा. वास्तविक ही दोन निराळी जनावरे. आपल्या नगरकडच्या माळरानावरचा ससा बिळात राहत नाही. गवतात अंगापुरती जागा दाबून तिथेच तो बसतो, आणि त्याची पिल्ले जन्मतःच डोळे उघडी ठेवून, अंगावर केस घेऊन येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडून घरी पाळता येत नाही. पाळीव ससा मूळचा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचा. त्याची पिल्ले उघडीनागडी आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. म्हणून सशीण विण्याच्या आधी आपल्याच छातीपोटाचे केस उपटते आणि त्यांची गादी करून ठेवते. हे समजल्यापासून सोफ्यावरचे केस गोळा करताना माझी चिडचिड थोडी कमी झाली आहे. ही म्हणते, तुमची झाली असेल.

गेल्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली. पारनेर तालुक्यातले गाव, कोरडवाहू जमीन, आणि जन्मभर दावणीला जनावर. गुडघे अगदीच बोलू लागले तेव्हा तिने शेवटच्या दोन गाई विकल्या आणि ती सावेडीतल्या आमच्या फ्लॅटवर आली. ह्याच दोन गाई घेऊन 2019 च्या उन्हाळ्यात ती जिल्ह्यातल्या एका चारा छावणीत राहिली होती. वय बहात्तर, डोक्यावर ताडपत्री. त्या गाई गेल्यावर ती फारशी बोलेना. जेवण निम्म्यावर आले. आणि त्या निम्म्या जेवणातही पहिल्याच आठवड्यात तिला केस सापडला.

ताटातला केस ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हे. आईने ताट सरकवले आणि शांतपणे विचारले, "मेंढराची लोकर कातरली तर तिचं घोंगडं होतं. ह्याचं काय होतं?"

प्रश्न रास्त होता. आपल्या भागातले धनगर दख्खनी मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, आणि ते घोंगडे माणसाला पावसात आणि थंडीत आयुष्यभर पुरते. सशाच्याही केसांचे सूत निघते, पण ते अंगोरा जातीच्या. हिमाचलात कुलूकडे गडसा येथे सरकारी केंद्रात ते ससे ठेवलेले आहेत, आणि त्यांची लोकर साधारण अडीच महिन्यांनी उतरवतात. आमच्या चांदोबाच्या केसाची लांबी बोटाच्या पेरापेक्षा कमी. त्याचे काहीही होत नाही. तसे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "मग मी गावाला जाते."

तिकडे हिची तक्रार केसांची नव्हती. केसांशी तिने तह केला होता. तिची तक्रार वासाची. "घरात शिरलं की गोठ्यात शिरल्यासारखं वाटतं," असे ती म्हणे, आणि भिशीच्या बायका येणार असल्या की उदबत्त्यांचा अख्खा पुडा संपे. उदबत्ती आणि गवत ह्यांचा मिळून जो वास होतो तो गोठ्यात कीर्तन चालले असावे तसा असतो. शेवटी तिने तोडगा काढला: गवत कमी करा, गाजरे द्या, चित्रात ससे गाजरेच खातात.

इथे मला चार गोष्टी वाचाव्या लागल्या आणि चार गोष्टी नाकाने शोधाव्या लागल्या. नाकाने असे सांगितले की नीट वाळलेल्या गवताला दर्प नसतोच. असतो तो गोडसर, उन्हाचा वास. दर्प येत होता तो सशाच्या मुताचा, आणि पावसाळ्यात दमट होऊन कुबटलेल्या तळाच्या गवताचा. आरोपी दोन आणि फाशी तिसऱ्याला, असा हा मामला होता. मग बंदोबस्त केला. ससा तसा शिस्तीचा प्राणी; एक कोपरा ठरवून तिथेच बसतो. त्या कोपऱ्यात एक प्लॅस्टिकचे घमेले ठेवले, त्यात रद्दीचे जाड थर. सशाला शौचाला बसल्या बसल्या खाण्याची सवय असते (कुणी नाक मुरडू नये, माणसे तिथे वर्तमानपत्र वाचतात), म्हणून घमेल्याच्या वरच जुने स्टीलचे ताटाळे भिंतीला टांगून त्यात गवत भरले. त्यामुळे गवत घरभर पसरणे थांबले. रद्दी रोज बदलायची. घमेल्याला चढलेला पांढरा थर व्हिनेगरने सुटतो. गवताचा साठा प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून गोणपाटात भरला, आणि ऊन पडेल त्या दिवशी गॅलरीत पसरला. आठ दिवसांत गोठा गेला. सशांना आंघोळ घालायची सूचनाही शेजारून आली होती, पण ती मानायची नसते. भिजला की ससा घाबरून आणि गारठून जिवाला मुकू शकतो, आणि मांजरासारखा तो स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतोच.

केसांसाठी निराळी युक्ती लागते. मांडीवर जुने धोतर पसरायचे, पंखा बंद करायचा, तळहात किंचित ओला करून पाठीवरून फिरवायचा. सुटे केस हाताला चिकटतात. मग बारीक दातांची फणी. भराच्या दिवसांत रोज पंधरा मिनिटे. कपड्यांवरचे केस ओल्या रबरी हातमोज्याने निघतात; कोटावरचे निघत नाहीत.

वाचून जे कळले ते मात्र महत्त्वाचे होते. सशाला ओकता येत नाही. स्वतःला आणि जोडीदाराला चाटताना जे केस पोटात जातात ते पुढेच सरकावे लागतात, आणि ते सरकवण्याचे काम गवताचा चोथा करतो. गवत कमी पडले की आतडी मंदावतात, आणि मंदावलेल्या पोटात केस आणि अन्न वाळून घट्ट बसते. शिवाय दात. सशाचे पुढचे दात आठवड्याला सुमारे 2 मिलिमीटर वाढतात, आणि दाढाही जन्मभर वाढत राहतात. त्या गवत दळूनच झिजतात. म्हणजे ज्या गवताचा वास नको होता तेच गवत त्या केसांवरचा उतारा होते. गाजर हे सशाचे पेढे. एखादा तुकडा पुरे. हिने हे ऐकून घेतले आणि उदबत्तीचा पुडा कपाटात ठेवला, पण पूर्ण पटल्यासारखे दिसले नाही.

मग मागच्या दसऱ्यानंतरची एक पहाट. चारच्या सुमाराला आईने मला हाक मारली. "अरे, ऊठ. त्या पांढऱ्यानं रात्रभर वैरणीला तोंड लावलं नाही."

ती बाहेरच्या खोलीत झोपते. रात्री ससे गवत खातात तेव्हा कुरुकुरू असा बारीक आवाज सतत येतो. आम्हांला तो ऐकूही येईनासा झाला होता. आई मात्र साठ वर्षे गाईच्या रवंथाच्या आवाजावर झोपलेली. तो आवाज थांबला आणि तिला जाग आली. चांदोबा कोपऱ्यात पाठ वाकवून बसला होता, कान गार, डोळे अर्धे मिटलेले. घमेल्यात रात्रीची एकही लेंडी नव्हती.

सशाने अर्धा दिवस काही खाल्ले नाही तर ते संकट समजायचे असते. सकाळी दवाखाना उघडण्याआधीच आम्ही दारात उभे होतो. डॉक्टरांनी पोट चाचपले, कातडीखाली सलाइन दिले, वेदना कमी करणारे आणि आतडी चालवणारे औषध दिले, आणि सांगितले की ऊब द्या, पिचकारीने पातळ पाला भरवा, थोडे चालते ठेवा. रात्र जाऊ दे, मग बघू. ह्या "मग बघू"चा अर्थ पुण्याला फोनवर कळवताना माझा आवाज नीट निघेना. पलीकडून पोरीचाही निघत नव्हता.

ती रात्र आईने काढली. गुडघे दुखणारी बाई खाली बसली, मांडीवर तेच धोतर, त्यावर तो. दोन-दोन तासांनी पिचकारी. मधल्या वेळात ती त्याच्याशी बोलत होती. गाईंशी बोलायची त्याच शब्दांत, थोड्या शिव्या, थोडी मनधरणी. सहाच्या सुमाराला तिने पुन्हा हाक मारली. घमेल्यात पाच-सहा लेंड्या पडल्या होत्या, आणि त्या केसांनी एकमेकींना बांधलेल्या होत्या, ओवलेल्या मण्यांसारख्या. "बघ, माळ टाकली," आई म्हणाली. लेंड्या पाहून घरातली तीन माणसे एवढी हरखलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती. दुपारी चांदोबाने ताटाळ्यातली एक काडी ओढली.

त्या दिवसापासून वैरणखाते आईकडे गेले. ताटाळ्याला ती गव्हाण म्हणते. पाकिटातले परदेशी टिमथी गवत आम्ही मागवत असू. त्याची किंमत तिने एकदाच विचारली आणि मग पाकीट उलटसुलट करून पाहिले. गवताला पैसे मोजण्याचे तिला नवल नव्हते, समुद्रापलीकडून आणण्याचे होते. आपल्याकडे लसूणघास किती तरी पिकतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याची 'आर.एल. 88' ही जात काढलेली आहे. तोच द्यावा असे तिचे म्हणणे. पण लसूणघासात चुना फार, आणि सशाच्या शरीरातला जादा चुना लघवीवाटे जातो. मोठ्या सशाला तो रोज दिला तर मूत्राशयात खडा धरायची भीती. हे तिने मानले, "म्हणजे दुभत्या गाईचं खाणं भाकड बैलाला घालू नये," असे स्वतःच्या भाषेत करून घेतले, आणि बांधावरच्या मारवेल गवतावर निकाल दिला. सशाच्या पचनाची दुसरी तऱ्हाही तिला एका वाक्यात समजली. ससा स्वतःच्या काही मऊ लेंड्या परत खातो आणि अन्न दोनदा पचवतो, हे ऐकून ही उठून गेली होती. आई म्हणाली, "म्हणजे रवंथच की."

वासाची गोष्ट त्यानंतर एकदाच निघाली. भिशीच्या दिवशी हिने गोणपाट गॅलरीत सरकवायला घेतले तेव्हा आई खुर्चीवरून म्हणाली, "वैरणीचा वास येतोय म्हणजे वैरण आहे, बाई. बहात्तर साली आमच्या गोठ्यात कसलाच वास नव्हता." त्या साली ती खडी फोडायला जात होती आणि दावणीचे दोन्ही बैल गेले होते. पोते जागीच राहिले.

ताटातला केस तिला अजूनही चालत नाही. एकादशीला ती सशांना हात लावत नाही. गव्हाण मला भरायला सांगते आणि भरताना मागे उभी राहते. फणीने निघालेले केस ती टाकून देत नाही. गॅलरीच्या जाळीत अडकवून ठेवते आणि चिमण्या ते घरट्याला नेतात, म्हणजे त्यांचे काहीच होत नाही असे मी जे सांगितले होते तेही फारसे खरे राहिलेले नाही.

ह्या दसऱ्याला चांदोबाच्या पाठीवरून पहिला झुबका निघाला त्या संध्याकाळी तिने गावाकडे पुतण्याला फोन लावायला सांगितला. तिकडचे पाऊसपाणी विचारले, कुणाची म्हैस व्याली ते विचारले, आणि मग मुद्द्यावर आली. "मारवेलच्या चार पेंढ्या ठेव बाजूला. चांगल्या वाळव, एस.टी.त टाकून दे. आणि त्यात कुसळीची काडी येऊ देऊ नको रे. त्याच्या डोळ्यात जाईल."