भात, बांगडे आणि पाच अंश

फ्रिजच्या मधल्या फळीवर रात्री पाण्याचा पेला ठेवला आणि त्यात थर्मामीटर. सकाळी दार उघडल्याबरोबर पाहिलं, नऊ अंश. असायला हवेत पाच किंवा त्याहून कमी. दूध गार लागत होतं, कोथिंबीर टवटवीत होती, म्हणून आम्ही वर्षभर निर्धास्त होतो.

बटणावरचा ३ म्हणजे तीन अंश नव्हे. आकडा वाढवला की गारवा वाढतो, एवढाच त्याचा अर्थ. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. वर घट्ट बसते, खालच्या कोपऱ्यातून अलगद निघून येते. रबराच्या घडीत पीठ आणि साखरेचा चिकटा साचला होता. कोमट पाण्याने पुसून काढला, बटण ५ वर नेलं. दोन दिवसांनी चार अंश. दूध मात्र दारातून काढून आतल्या फळीवर ठेवलं. दार सारखं उघडतं, तिथला गारवा आधी जातो.

रात्रीचा भात. लहानपणापासून पाहते आहे, पातेलं ओट्यावर झाकलेलं आणि सकाळी फोडणीचा भात. आता तो प्रकार बंद केला, आणि त्याचं कारण घरात प्रत्येकाला समजावलं. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. पातेल्यातल्या उबेत ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांच्यातले काही असं विष सोडतात की खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. हे विष कढईतल्या फोडणीनेही जात नाही. भात आंबला नसेल, तार सुटली नसेल, तरीही ते त्यात असू शकतं. ‘चांगला गरम करून घे’ या सल्ल्यावर आपण फार विसंबतो.

आता उरलेला भात परातीत पसरते. वाफ गेली की पसरट डब्यात, डबा लगेच फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

सासूबाई म्हणाल्या, “गरम ठेवलंस तर फ्रिज बिघडेल गं.” त्यांचं अगदीच चूक नाही. कढत आमटीचं पातेलं आत ठेवलं तर शेजारचं दूध तापतं. पण ‘निवू दे’ म्हणून तेच पातेलं चार-चार तास ओट्यावर राहतं, ते जास्त वाईट. वरून निवलेल्या आमटीत पळी घालून पाहा, मध्यभागी अजून ऊन असते. “आई, दोन डब्यांत वाटून ठेवू,” म्हटलं. पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून त्यांनीच ढवळलं, वीस मिनिटांत काम झालं. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. हवा बत्तीस अंशांच्या वर गेली की एकच तास. आमच्याकडे दापोलीत मे महिन्यात दुपारी एकच तास धरायचा. ओल्या नारळाचं वाटण तर अर्ध्या दुपारीच विटतं.

हर्णै बंदरावर जाताना आता बर्फाचा झाकणाचा डबा नेते. बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात राहिले की जंतू त्यांच्या मांसातून हिस्टामीन तयार करतात. मग तळा, कालवण करा, खारवा, ते तसंच राहतं. जेवल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी येतात. आपण म्हणतो, पित्त उठलं. माझ्या धाकट्या जावेला असं झालं तेव्हापासून ती बांगडा खातच नाही, ‘मला सोसत नाही’ म्हणते. त्या दिवशी बांगडे पिशवीत दोन तास गाडीच्या डिकीत होते. दोष बांगड्याचा नसावा असं मला आता वाटतं. तिला हे सांगायचं आहे.

फ्रीजरमधल्या सुरमईच्या तुकड्या ओट्यावर सुटवायच्या नाहीत. आदल्या रात्री ताटलीत घालून फ्रिजच्या खालच्या फळीवर.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, त्यानंतर कितीतरी दिवस वीज नव्हती. वीज गेल्यावर दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीजर साधारण दोन दिवस. आमच्याकडे जो तो दार उघडून डोकावत होता. शेवटी फ्रीजरमधलं सगळं माडाच्या बुंध्याशी पुरलं.

तेव्हापासून फ्रीजरमध्ये एक वाटी असते. पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलेलं. परवा चार दिवस गावाला जाऊन आलो. फ्रीजर सुरू होता, तुकड्या दगडासारख्या कडक. नाणं मात्र वाटीच्या तळाशी, त्याच्यावर बर्फ. म्हणजे मधे कधीतरी सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. सुरमई बाहेर काढली. वास काहीच नव्हता. टाकताना जीव तुटला, पण टाकली.