श्वासाची वाट

पनवेलच्या रुग्णालयांत आजाऱ्यांच्या भेटीस जाताना जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेले तरुण आम्हांला भेटतात. कित्येकांचे तोंड जेमतेम एक बोट उघडते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. सुपारीची सवय मात्र सुटली नाही. सुपारीने गालाचे आतील अस्तर ताठर होत जाते, जबडा आवळला जातो.

अशा रुग्णास एकदम भूल देणे धोक्याचे. भूल चढताच श्वास मंदावतो, आणि तोंडावाटे नळी घालावयास जागा नसते. म्हणून भूलतज्ज्ञ नाकाची वाट धरतात. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून नाकात थेंब टाकतात, घसा बधिर करतात आणि रुग्ण जागा असतानाच लवचीक दुर्बिणीवरून नळी श्वासनलिकेत सरकवतात. नळी जागी बसल्याची खात्री पटल्यावरच भूल देतात. अशी दुर्बीण यासाठी प्रथम वापरली ती लंडनमध्ये पीटर मर्फी यांनी, १९६७ साली. मुळात ती पित्तनलिका पाहण्यासाठी होती!

घशात परकी वस्तू सरकत असता शांत राहणे सोपे नव्हे. त्यासाठी डॉक्टरांवर विश्वास हवा, आणि विश्वासास सत्याचा आधार हवा. सुपारी, घोरणे, नाकाची जुनी दुखापत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सारे पूर्वतपासणीत सांगावे. आईवडिलांसमोर मुलगा सवय नाकारतो. तेव्हा त्यास डॉक्टरांशी एकांतात बोलू द्यावे. रागावण्यास पुढे दिवस आहेत. आधी त्याचा श्वास सुरक्षित राहो.