थांबा, तुमचा मजला अजून आला नाही

मी गोरेगावचा असं सांगितलं की पुण्यात लगेच प्रश्न येतो, "ईस्ट की वेस्ट?" नाही हो, हिंगोली जिल्ह्यातलं! आमच्याकडे आग लागली की एक हाक जाते आणि सगळी गल्ली बादल्या घेऊन धावते. त्यामुळे परवा ऑफिसच्या फायर ड्रिलची गंमत सांगितली, ती आईला काही पटेना. अलार्म नवव्या मजल्याचा. नववा आणि दहावा उतरला, आम्ही चौदाव्यावर जागच्या जागी.

"आग लागली अन् तुम्ही गुमान बसले? काहून?"

तर मंडळी, या 'काहून'चं उत्तर असं. उंच इमारतीतला जिना सगळ्या मजल्यांना एकदम पुरेल इतका रुंद सहसा नसतो. सगळेच घुसले तर ट्रॅफिक जॅम, आणि ज्यांच्या मजल्यावर आग आहे तेच दारात अडकणार. म्हणून आधी आगीचा मजला आणि त्याच्या वरचा. बाकीच्यांना फक्त तयार राहायची सूचना, मग टप्प्याटप्प्यानं पुढचे. आपल्या भाषेत प्रायॉरिटी क्यू!

पण यात एक गृहीतक आहे. आग जिथल्या तिथे कोंडलेली राहील आणि जिन्यात धूर शिरणार नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये तर 'तुमच्या घरात आग नसेल तर घरातच थांबा' असाच नियम होता. १४ जून २०१७ ला बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून आग चोवीस मजली इमारतभर पसरली. ७२ माणसं गेली. आणि मुंबईच्या त्या दुसऱ्या गोरेगावात, ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे, पार्किंगमध्ये लागलेल्या आगीचा धूर झोपलेल्या घरांपर्यंत पोचला.

म्हणजे 'थांबा' हा इमारतीनं दिलेला शब्द असतो, आणि तो पाळायचं काम जिन्याचं साधं, आपोआप बंद होणारं दार करतं.

आमच्या सोसायटीत अकराव्या मजल्यावरच्या त्या दाराला वीट लावलेली असते. का, तर हवा येते! पुढच्या महिन्यात आई राहायला येतेय. तिचे गुडघे अकरा मजले भराभर उतरू शकत नाहीत, तिला थांबावंच लागेल. म्हणून मी रोज वीट काढतो, सकाळी ती परत हजर. सेक्रेटरींना दोन मेल झाले, तिसरा आज.

असो. तुमच्या मजल्यावरचं दार आज बघून या. वीट असेल तर काढा.