सिंहगड ते पानशेत : तिघींची शर्यत

पुणे शहर मागे टाकून खडकवासला धरणाच्या भिंतीजवळून पुढे निघाले की पानशेतचा रस्ता दोन गोष्टींच्या मधून जातो. उजव्या हाताला पाणी आणि डाव्या हाताला सिंहगड. पाण्याच्या पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा झाडीने भरलेला परिसर दिसतो. रविवारी या रस्त्यावर भाजलेली कणसे आणि कांदाभजी खाणाऱ्यांची एवढी गर्दी असते की डोंगराकडे कुणाचे लक्ष जात नाही. हा परिसर पाहावा तर फेब्रुवारीतल्या एखाद्या पहाटे, पाण्यावर धुके असताना. आम्ही तो तसाच पाहिला, मात्र धावत, सायकल मारत आणि वल्हे मारत.

आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर विद्यार्थ्यांच्या साहसी शर्यतीचा कागद लागला तेव्हा हा प्रकार काय आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. धावण्याची शर्यत माहीत होती, सायकलची माहीत होती. इथे दोन्ही होते, शिवाय डोंगर चढणे, नकाशा वाचून खुणेच्या जागा शोधणे, पाण्यात बोट चालवणे आणि मधेच एअर रायफलने नेम धरणे. हे सारे एकाच दिवसात, एकामागून एक, घड्याळ न थांबता.

या खेळाचा उगम न्यूझीलंडमधला. तिथे १९८३ साली दक्षिण बेटाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत धावत, सायकलने आणि नदीतून जाण्याची 'कोस्ट टू कोस्ट' शर्यत सुरू झाली. १९८९ मध्ये जेरार फ्युझील या फ्रेंच पत्रकाराने त्याच देशात कित्येक दिवस चालणारी 'रेड गोल्वाज' ही सांघिक शर्यत भरवली आणि या खेळाला आजचे रूप आले. आपल्याकडे पुण्यात २००३ पासून 'एन्ड्युरो थ्री' होते, तीन-तीन जणांच्या संघांची. आमची शर्यत त्याच धर्तीची, पण लहान आणि फक्त विद्यार्थ्यांसाठी होती. नियमांतला एक नियम मला फार आवडला. तिघांनी मिळून सुरुवात करायची, प्रत्येक खुणेच्या जागी तिघांनी मिळून हजर व्हायचे आणि तिघांनी मिळूनच शेवट करायचा. एक जण पुढे पळाला म्हणून संघ पुढे जात नाही. संघाचा वेग म्हणजे सर्वांत मागे असलेल्याचा वेग.

आमचा संघ तीन मुलींचा. मी कोकणातली, सावित्रीच्या खाडीकाठची. दुसरी सांगोल्याची, शेतकऱ्याची मुलगी. चालण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिसरी पुण्याचीच, कसबा पेठेतली, आमच्याच वर्गातली. सायकल ती शाळेपासून चालवत आलेली, नकाशाही तिलाच सर्वांत चांगला कळायचा. पण पाण्याचे नाव काढले की तिचा चेहरा उतरायचा.

त्याचे कारण तिच्या नानीकडे होते. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे पानशेतचे धरण फुटले. मातीचे धरण, काम अजून पुरते संपलेले नव्हते. ते पाणी खाली खडकवासल्यात आले आणि तिथली जुनी दगडी भिंतही फुटली. मग मुठेचे पाणी पुण्यात शिरले आणि नदीकाठच्या पेठांतली घरेच्या घरे वाहून गेली. नानी तेव्हा दहा वर्षांची होती. घर गेले, माणसे वाचली, अल्लाहची मेहेरबानी. पण त्यानंतर त्या घरात कुणी पोहायला शिकले नाही. मुलांनी हट्ट केला तरी नानी म्हणायची, "पाण्याचा भरवसा नको." आणि आमच्या शर्यतीतला बोटीचा टप्पा होता पानशेतच्याच जलाशयात.

घरच्या परवानगीची गोष्ट बहुतेक वाचकांना ओळखीची असेल. माझे अब्बा कुवेतला. फोनवर त्यांनी तीनच प्रश्न विचारले. सोबत कोण? रात्री कुठे? आणि अम्मी काय म्हणते? संघ मुलींचा, शर्यत एका दिवसाची आणि संध्याकाळी होस्टेलवर परत, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "मग हरकत कसली? आदल्या रात्री नीट झोप." शेजारच्या एका खालाजानला मात्र मुलींनी डोंगरात धावणे पसंत नव्हते. अम्मीने त्यांना शांतपणे हजरत आयशा (रजि.) यांच्या शर्यतीची आठवण करून दिली. खुद्द प्रेषितांनी (स.) त्यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावल्याची ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. खालाजान हसल्या आणि दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू पाठवून दिले.

कसबा पेठेत मामला इतक्या सहज मिटला नाही. नानी 'नाही' म्हणाली नाही, पण जेवायची थांबली. शेवटी मैत्रिणीनेच तोड काढली. आधी पोहायला शिकते, शिकले नाही तर शर्यत सोडते. नोव्हेंबरपासून ती महिलांच्या वेळेत तलावावर जाऊ लागली. पहिले पंधरा दिवस कठडा सोडेना. जानेवारीच्या अखेरीस ती तलावाची रुंदी पार करू लागली. तेव्हा नानी एकदा येऊन बाकावर बसली, पूर्ण तासभर, हातात तसबीह घेऊन. काही बोलली नाही. घरी गेल्यावर मात्र जेवली.

कपड्यांबद्दल अनेक बहिणी विचारतात, म्हणून सांगते. सुती ओढणी आणि सैल सलवार सायकलच्या साखळीत अडकते, शिवाय घामाने जड होते. आम्ही दोघींनी लवकर वाळणाऱ्या कापडाची लांब बाह्यांची सैल कमीज, घोट्याशी आवळलेली विजार आणि हेल्मेटखाली पातळ, घट्ट बसणारी टोपीसारखी हिजाब घातली. तपासणीला असलेल्या स्वयंसेवकाने हेल्मेटचा पट्टा तीनदा ओढून पाहिला, ठीक म्हणाला आणि पुढच्या संघाकडे वळला. जिथे चर्चा होईल असे वाटले होते तिथे कुणी काही विचारलेही नाही.

सहाच्या सुमारास धरणाजवळ फजर अदा केली आणि साडेसहाला शर्यत सुटली. पहिला टप्पा सायकलचा, डोणज्यावरून आतकरवाडीपर्यंत. अंगात थंडी आणि पुढे नुसते लाल दिव्यांचे ठिपके. आतकरवाडीत सायकली लावल्या आणि पायवाटेला लागलो.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि पायथ्यापासून सहाशे-सातशे मीटरची चढण जवळजवळ सलग अंगावर येते. पुण्यातली कितीतरी माणसे दर आठवड्याला व्यायाम म्हणून ती चढतात. सत्तरीचे आजोबा आम्हांला मागे टाकून गेले आणि वर जाऊन लिंबू सरबत पीत बसलेले दिसले. फेब्रुवारीत गवत वाळून पिवळे पडलेले असते, काटेसावर मात्र लाल फुलांनी लगडलेली. डोक्यावर दह्याची मडकी घेऊन बायका त्याच वाटेने चढत होत्या. आम्हांला शर्यतीचा नंबर लावलेला, त्यांना तो नाही, एवढाच फरक. वेगात त्याच पुढे होत्या.

हा किल्ला म्हटले की ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र आणि तानाजी मालुसरे आठवतात, आणि ते योग्यच आहे. मोगलांच्या बाजूने किल्ला राखणारा उदयभान राठोड राजपूत होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे. पण या डोंगराचे लिखित वृत्त त्याहून बरेच जुने आहे आणि ते फारसीत आहे. इसामी या कवीने बहामनी दरबारात १३५० च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'फुतूह-उस-सलातीन' या काव्यग्रंथात मुहंमद तुघलकाने कोंढाण्याला घातलेल्या वेढ्याची हकीकत आहे. किल्ला नाग नायक या कोळी नायकाकडे होता आणि दिल्लीच्या फौजेला तो घेण्यासाठी आठ महिने बसून राहावे लागले. धापा टाकत पुणे दरवाजात पोहोचल्यावर ते आठ महिने मला अजिबात जास्त वाटले नाहीत.

गडावर दोन खुणा शोधायच्या होत्या. एक सापडली देवटाक्याजवळ, जिथले पाणी उन्हाळ्यातही गार असते. दुसरी कल्याण दरवाजाच्या बाजूला. तिथून स्वच्छ हवेत राजगड आणि तोरणा दिसतात. पिठले-भाकरीचा वास चहूकडे असताना खिशातला खजूर चघळत परत फिरणे हा त्या दिवसाचा सर्वांत कठीण टप्पा होता, असे सांगोलेकरीणबाईंचे मत आहे.

उतरणीच्या घसाऱ्यावर दोन संघ आमच्या पुढे गेले. मग पुन्हा सायकल, खानापूरवरून पानशेतकडे. हा रस्ता चढ-उतारांचा आहे. चढावर उतरून ढकलण्यात कमीपणा नाही, हे आम्ही आधीच ठरवून टाकले होते. ऊन वाढले. पानशेतला पोहोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. रायफलच्या दहा गोळ्यांपैकी आमच्या सात लागल्या. आणि समोर पाणी.

पानशेतच्या जलाशयाला तानाजीसागर असे नाव आहे. बाजूलाच वरसगावचे धरण. दोन्हींचे पाणी पुढे खडकवासल्यात जाते आणि तिथून पुण्याच्या नळांत. १९६१ नंतर हे धरण पुन्हा बांधले गेले. बांध मातीचाच आहे, हिरवळीने मढलेला, इतका शांत की पाहणाऱ्याला काही सांगूनही खरे वाटू नये.

हवेने फुगवलेली तीन वल्ह्यांची बोट होती. आम्ही लाइफ जॅकेट घातली, पट्टे आवळले. मैत्रीण काठावर उभी राहिली. पाणी घोट्याला लागले होते. मागून आलेला मुलांचा संघ बोटीत बसून निघूनही गेला. आम्ही दोघींनी तिला काही म्हटले नाही. तसे आधीच ठरले होते. ती थांबली तर शर्यत तिथेच संपवायची आणि तिघींनी मिळून वर येऊन चहा प्यायचा. तिचे ओठ हलत होते, बहुधा दुआ. दोनेक मिनिटे गेली असतील. मग तिने विचारले, "मधे बसू ना?" मी म्हटले, "मधेच बस."

आमच्या खाडीत माझे दादा होडी चालवायचे. वल्हे हाताने नव्हे, कमरेने मारायचे, हे त्यांचे शिकवणे. मी मागे बसून दिशा धरली. अर्ध्या वाटेपर्यंत मैत्रिणीने बोटीची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. वारा सुटला आणि बोट कलू लागली तेव्हा तिने दोरी सोडली आणि वल्हे उचलले, कारण बसून राहण्यापेक्षा ते बरे वाटले, असे ती नंतर म्हणाली. पलीकडची खूण पंच करून आम्ही परतलो तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि ती एकसारखी बोलत होती. इतकी बोलताना मी तिला कधी पाहिले नव्हते.

काठावर जोहरची नमाज अदा केली. घड्याळ चालूच होते. आम्ही यासाठी दहा मिनिटे आधीच धरून ठेवली होती. सांगोलेकरीण तेवढ्या वेळात सायकलींच्या साखळ्यांना तेल घालून, बाटल्या भरून, नकाशा उघडून बसली होती. सलाम फेरताच तिने बोट ठेवले, "इथून वर, ही सोंड."

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, पन्नास हजारास एक या प्रमाणातला. दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. उंचीच्या रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. हे एकदा कळले की कागदावरचा डोंगर डोळ्यांपुढे उभा राहतो. मोबाइल सुरुवातीलाच सीलबंद करून पिशवीत घातले होते. तीन खुणा होत्या. दोन लवकर मिळाल्या. तिसरी एका घळीत, करवंदीच्या जाळीमागे. तिथे अर्धा तास गेला. मैत्रिणीने होकायंत्र धरून समोरच्या टेकाडाची दिशा घेतली, पावले मोजत पुढे गेली आणि जाळीपाशी थांबून म्हणाली, "इथेच असायला पाहिजे." तिथेच होती.

परतीच्या वाटेवर सांगोलेकरणीच्या पोटरीत गोळा आला. जी कधी दमत नाही तीच. वीस मिनिटे ती सायकल हातात धरून चालली आणि आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंनी चाललो. मिठाची साखर-लिंबू पुडी पाण्यात घालून दिली. उताराला ती पुन्हा सायकलवर बसली, एकाच पायाने जोर देत. पाच वाजता शर्यत बंद होणार होती. डोणज्याच्या मैदानात आम्ही तिघी चार वाजून सदतीस मिनिटांनी शिरलो. मुलींच्या नऊ संघांपैकी सहा संघांनी शर्यत पूर्ण केली, त्यांत आम्ही पाचव्या.

रात्री मैत्रिणीच्या घरी गेलो. नानीने प्रमाणपत्राकडे पाहिले नाही. नातीचे हात उलटसुलट करून तळव्यांवरचे फोड पाहिले, हळद लावली आणि विचारू लागली. पाणी किती होते? बांध कसा दिसतो? वर माणसे उभी राहू देतात का? मैत्रीण सांगत गेली. शेवटी नानी म्हणाली की इतकी वर्षे ती पुण्यात राहिली, पण ते धरण तिने एकदाही पाहिलेले नाही. पावसाळ्यात तिकडच्या रस्त्याला फार गर्दी असते, म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीचे ठरवले आहे. मामूंची गाडी आहे. नानीने एकच अट घातली आहे, पिठले-भाकरी खायला वाटेत थांबायचे.