गाडी आली, गल्ली बदलली

अमेरिकेतलं शार्लट म्हणजे बँकांचं आणि कारवाल्यांचं शहर. २००७ मध्ये तिथे एक छोटीशी ट्रेन सुरू झाली आणि गोदामांची मरगळलेली पट्टी शहरातली सगळ्यात हॅपनिंग जागा बनली. पण या ट्रेनने नेमकं कुणाला कुठे पोचवलं?

घर बघायला निघालो की आपला पहिला प्रश्न ठरलेला. स्टेशनपासून किती लांब? त्यावर बिल्डरचं उत्तरही ठरलेलं. पाच मिनिटं! ही पाच मिनिटं फक्त ब्रोशरमध्येच पाच असतात, हे आपल्याला माहीत असतं. तरी आपण खूश होतो, कारण स्टेशन जवळ म्हणजे आयुष्य सोपं, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत हे गणितच वेगळं. तिथला पहिला प्रश्न असतो, गॅरेजमध्ये गाड्या किती मावतात? म्हणून शार्लटची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं हे सगळ्यात मोठं शहर, पण २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली जेमतेम पावणेनऊ लाख. म्हणजे आपलं नाशिकही याच्यापेक्षा मोठं. बँक ऑफ अमेरिकाचं मुख्यालय इथे. त्यामुळे टाय लावलेली बँकवाली मंडळी आणि त्यांची सॉफ्टवेअर सांभाळणारी देशी जनता, दोन्ही भरपूर. माझा मावसभाऊ त्या दुसऱ्या गटातला.

मी ट्रेनने शहर फिरणार म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘ट्रेन? अगं, गाडी आहे ना!’ वहिनी जरा समजूतदार. ‘आमच्या साइडला येतच नाही गं ती,’ म्हणाली. ते राहतात दक्षिणेकडच्या बॅलंटाइन भागात. चकाचक ऑफिसं, मोठाली घरं, हिरवळ... आणि रूळ नाहीत. शेवटी दादाने मला कारनेच स्टेशनला सोडलं. तिथल्या शेवटच्या स्टेशनाचं नावसुद्धा हायवेच्या नंबरावरून ठेवलंय, आय-४८५. समोर गाड्या लावायला भलामोठा पार्किंग लॉट. कार ठेवा, ट्रेन पकडा, असा एकूण फंडा.

प्लॉट विकणारी ट्रॉली

ट्रेन आणि जमिनीचा धंदा यांची जोडी शार्लटला नवीन नाही. एडवर्ड डिलवर्थ लाटा नावाच्या उद्योजकाने शहराबाहेर दक्षिणेला स्वस्तात जमीन घेतली. पण तिथे राहायला कोण जाणार? मग त्याने मे १८९१ मध्ये तिथपर्यंत विजेची ट्रॉली सुरू केली. लोक ट्रॉलीत बसून यायचे, बाग बघायचे, हवा खायचे आणि जाता जाता प्लॉट बुक करायचे. त्या वसाहतीचं नाव डिलवर्थ. आज ती शहरातल्या महागड्या वस्त्यांपैकी एक आहे. थोडक्यात काय, तिकिटाचे पैसे हा साइड बिझनेस होता. खरा माल होता जमीन.

पुढे बस आणि मोटारी आल्या. मार्च १९३८ मध्ये शार्लटची शेवटची ट्रॉली धावली. ती होती ८५ नंबरची. तिचं पुढे काय झालं असेल? ती विकली गेली, हातोहात फिरली आणि शेवटी हंटर्सव्हिल गावात चक्क भाड्याचं घर झाली! १९८० च्या दशकात ती तिथे सापडली. हौशी मंडळींनी तिची डागडुजी केली आणि १९९६ मध्ये तीच ट्रॉली जुन्या मालगाडीच्या रुळांवरून पुन्हा धावायला लागली. ज्या पट्ट्यात ती धावायची तिथे तेव्हा होत्या बंद पडलेल्या गिरण्या, गोदामं आणि गॅरेजेस. त्या पट्ट्याचं नाव साऊथ एन्ड.

अठरा दिवस आधी

१९९८ मध्ये शार्लटच्या मेक्लेनबर्ग काउंटीतल्या मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी एक कर मंजूर केला. एक डॉलरच्या खरेदीमागे अर्धा सेंट. ऐकायला चिल्लर, पण त्यावर रेल्वे उभी राहिली. अर्थात, बांधकाम रेंगाळलं, खर्च फुगला आणि आकडा सुमारे ४६ कोटी डॉलरवर गेला. लोक वैतागले. ‘रिकाम्या गाड्या पळवायला आमचे पैसे?’ म्हणत विरोधकांनी सह्या गोळा केल्या आणि कर रद्द करायचा की नाही, यावर पुन्हा मतदान लावलं.

तारीख ६ नोव्हेंबर २००७. ट्रेन सुरू होणार होती २४ नोव्हेंबरला. म्हणजे गाडी स्टेशनात उभी आणि तिचा दाणापाणी बंद करायचा का, याचा कौल अठरा दिवस आधी! महापौर होते पॅट मॅक्रोरी. रिपब्लिकन पक्षाचे, म्हणजे नव्या करांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या पक्षाचे. पण ते ट्रेनच्या बाजूने ठाम राहिले. निकाल लागला तेव्हा सुमारे ७० टक्के लोकांनी कर राहू दे म्हणून सांगितलं होतं.

मग ब्लू लाइन धावली. १५ स्टेशनं, साडेपंधरा किलोमीटर. पहिल्या वर्षासाठी रोज ९,१०० प्रवाशांचा अंदाज होता. तो काही महिन्यांतच मागे पडला. मार्च २०१८ मध्ये ही लाइन उत्तरेला विद्यापीठापर्यंत वाढली आणि स्टेशनं झाली २६.

रुळालगतची पायवाट

आपल्या लोकलची सवय असेल तर ही ट्रेन खेळण्यातली वाटते. छोटे डबे, ना लटकणं, ना ढकलाढकली. स्टेशनवर फाटक नाही. मशिनमधून तिकीट काढायचं आणि चढायचं. मी ब्लांड स्ट्रीटला उतरले आणि दक्षिणेकडे चालत सुटले.

रुळांना अगदी खेटून एक पायवाट जाते, रेल ट्रेल. शनिवारची दुपार. कुणी जॉगिंग करतंय, कुणी कुत्र्याला फिरवतंय, कुणी बाबागाडी ढकलतंय. दोन्ही बाजूंना पाच-सहा मजली अपार्टमेंट्स, मध्येच उंच काचेचे टॉवर, खाली ब्रुअरी, योगा स्टुडिओ, कॉफी शॉप. गर्दी सगळी पंचविशी-तिशीतली. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच, फक्त पगार डॉलरमध्ये. मध्ये लागते ॲथर्टन मिल. १८९० च्या दशकातली सूतगिरणी. आता तिथे ब्रँडेड दुकानं आहेत. लोअर परळला शॉपिंग केलेल्या कुणालाही ही कथा नव्याने सांगायची गरज नाही.

खोटं कशाला बोलू, मला जाम आवडलं. भाजी, कॉफी, ऑफिस, मित्र... सगळं चालत किंवा ट्रेनने. कारशिवाय पान न हलणाऱ्या देशात ही चैनच म्हणायची. ट्रेनने वस्ती उभी करून दाखवली, यात शंकाच नाही.

पण कॅम्डन रोडवर एक रिकामी आठवण आहे. इथे १९६२ पासून प्राइसेस चिकन कूप नावाचं दुकान होतं. बसायला जागा नाही, कार्ड चालत नाही. रोख पैसे द्या, तळलेल्या चिकनचा खोका घ्या आणि निघा. रांगेत बँकेचा साहेब आणि गवंडीकाम करणारा एकामागे एक उभे असायचे. जून २०२१ मध्ये ते बंद झालं. वाढता खर्च आणि कामाला माणसं न मिळणं, ही मालकांनी दिलेली कारणं. आता विचार करा. ज्या गल्लीत नव्या घरांचं भाडं चिकन तळणाऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे, तिथे चिकन तळायला माणूस येणार कुठून?

ब्रुकलिन नावाचं स्टेशन

इथल्या डाऊनटाऊनला शार्लटकर अपटाऊन म्हणतात. का, असं विचारायचं नाही! तिथे ब्रुकलिन व्हिलेज नावाचं स्टेशन लागतं. पूर्वी त्याचं नाव स्टोनवॉल होतं. नवं नाव ज्या वस्तीवरून आलं ती ब्रुकलिन आता अस्तित्वात नाही. कृष्णवर्णीयांची ही नांदती वस्ती होती. चर्च, शाळा, दुकानं, थिएटर सगळं असलेली. १९६० च्या दशकात ‘शहर सुधारणा’ म्हणून ती जमीनदोस्त केली गेली. हजाराहून जास्त कुटुंबं उठवली आणि त्यांच्यासाठी त्या जागी नवी घरं बांधलीच नाहीत. आज प्लॅटफॉर्मवर त्यांच्या मोहल्ल्याचं नाव आहे. माणसं केव्हाच पांगली.

ब्लू लाइनने असा बुलडोझर फिरवला नाही, हे आधी सांगायला हवं. साऊथ एन्डच्या रुळालगत मुख्यतः गोदामंच होती. पण शहर म्हणजे नुसत्या इमारती नाहीत, कोण कुठे राहू शकतं याचा तो नकाशा आहे. २०१४ मध्ये हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ, दिल्लीत जन्मलेले राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. गरीब घरातलं मूल मोठं होऊन श्रीमंत गटात पोचण्याची शक्यता किती? अमेरिकेतल्या ५० मोठ्या शहरी भागांत शार्लटचा नंबर लागला पन्नासावा. सगळ्यात खालच्या उत्पन्न गटातल्या १०० मुलांपैकी वरच्या गटात पोचणारी साडेचारसुद्धा नाहीत. टॉवरवर टॉवर चढवणाऱ्या शहराला हा आकडा चांगलाच झोंबला. त्यानंतर परवडणाऱ्या घरांसाठी मतदारांनी कर्जरोखेही मंजूर केले. २०१८, २०२० आणि २०२२ मध्ये प्रत्येकी ५ कोटी डॉलर, २०२४ मध्ये १० कोटी.

वर जाण्यासाठी आधी कामावर वेळेत पोचावं लागतं आणि तिथेच ट्रेनची खरी गरज असते. गंमत बघा. दादाकडे दोन कार आहेत, तरी तो ठरवलं तर साऊथ एन्डला राहू शकतो. परतीच्या ट्रेनमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या बाई हॉटेलात खोल्या आवरतात. त्यांना ट्रेनवरून उतरून पुढे बस पकडायची होती. ‘रुळाजवळ राहणं मला झेपत नाही, पण रुळाशिवाय माझं चालतही नाही,’ म्हणाल्या. पुढची बस चुकू नये म्हणून त्यांचं अर्धं लक्ष घड्याळात होतं.

मग महापालिका भाड्यांवर मर्यादा का घालत नाही? कारण घालूच शकत नाही. नॉर्थ कॅरोलिनात शहरांना भाडेनियंत्रण लावायला राज्याच्या कायद्यानेच बंदी आहे. मग शहराच्या हातात खरा हुकमी पत्ता उरतो एकच, जमीन. आणि तो टाकायची वेळही एकच. रूळ पडायच्या आधी. गोदामाच्या भावात मिळणारी जागा स्टेशन झाल्यावर टॉवरच्या भावात जाते. लाटासाहेबांना हे १८९१ मध्ये कळलं होतं. फक्त त्यांनी ते स्वतःच्या कंपनीसाठी वापरलं.

आता पुढची गाडी

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, कारण शार्लट पुन्हा त्याच वळणावर उभं आहे. शहराने उत्तरेकडे लेक नॉर्मनच्या दिशेने जाणारा जुना रेल्वेमार्ग विकत घ्यायचं ठरवलं. त्यावर रेड लाइन धावावी असा बेत आहे. विमानतळाकडे जाणाऱ्या सिल्व्हर लाइनचीही योजना आहे. पैसा हवा होता, म्हणून ४ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा मतदान झालं. या वेळी डॉलरमागे एक सेंट.

वातावरण गढूळ होतं. २२ ऑगस्ट २०२५ च्या रात्री याच ब्लू लाइनवर, साऊथ एन्डजवळ, युक्रेनमधल्या युद्धातून वाचून आलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीची चाकूने हत्या झाली. कामावरून घरी निघाली होती ती. सगळा देश हादरला. ट्रेन सुरक्षित आहे का, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला आणि तो विचारलाच पाहिजे. रात्रीची शिफ्ट संपवून एकटीने लेडीज डब्यात चढणाऱ्या कुणालाही तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तरीही कर मंजूर झाला. साधारण ५२ टक्के मतांनी. २००७ च्या सत्तर टक्क्यांपुढे हे काठावरचं पास आहे, पण पास आहे.

म्हणजे पैसे आले, मार्ग ठरताहेत आणि होणाऱ्या स्टेशनांभोवती अजून साधी घरं, गॅरेजेस, चर्च आहेत. तिथे आज राहणारी माणसं पहिल्या गाडीच्या दिवशीही तिथेच असतील का? साऊथ एन्डने एक गोष्ट सिद्ध केली. ट्रेन आणली की वस्ती फुलते. पण ती कुणासाठी फुलावी हे ट्रेन ठरवत नाही. ते आधी ठरवून ठेवावं लागतं, रूळ पडायच्या आधी आणि ब्रोशर छापायच्याही आधी. आपल्याकडच्या ‘पाच मिनिटां’च्या जाहिराती वाचताना हे मला आता हमखास आठवतं.

जाणार असाल तर...

• ब्लांड स्ट्रीट ते न्यू बर्न हा रेल ट्रेलचा भाग चालतच करा. मध्ये कुठेही दमलात तर स्टेशन आहेच.
• पार्कवूड स्टेशनजवळचा ऑप्टिमिस्ट हॉल म्हणजे १८९० च्या दशकातली कापड गिरणी. २०१९ पासून तिथे फूड हॉल आहे. भूक ठेवून जा.
• थर्टी-सिक्स्थ स्ट्रीटला उतरलात की नोडा. गिरणी कामगारांची जुनी वस्ती. आधी चित्रकार आले, मागोमाग भाडी वाढली. भिंतींवरची चित्रं बघायला दिवसाउजेडी जा.
• अपटाऊनमधून गोल्ड लाइनची स्ट्रीटकार पकडून पश्चिमेला जॉन्सन सी. स्मिथ विद्यापीठापर्यंत जा. हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ. टॉवरपलीकडचं शार्लट तिथून दिसायला लागतं.
• विमानतळावर ट्रेन मिळत नाही. बस घ्या, नाहीतर एखादा मावसभाऊ गाठा!