माझ्या समक्ष

नोकरीतली माझी पहिली नेमणूक परभणीला झाली. मी पक्का पुणेकर, वय चोवीस. ज्यांच्याकडे खोली घेतली होती ते काका एकदा म्हणाले, "आमचे व्याही मोठे गुत्तेदार आहेत. रविवारी त्यांच्याकडं जेवायला चला."

मी गार पडलो. आमच्याकडे गुत्ता म्हणजे दारूचा. इतका सज्जन माणूस गुत्त्याच्या मालकाशी सोयरीक करतो आणि वर ते अभिमानाने सांगतो! मी उपवासाची थाप मारली. पुढच्या रविवारी पोट बिघडलं. दोनेक महिने मी त्या व्याह्यांना टाळत होतो आणि घरी पाठवलेल्या पत्रांत "इथली माणसं जरा वेगळीच आहेत" असं लिहीत होतो. शेवटी ऑफिसातल्या शिपायाने डोळे उघडले. "साहेब, त्यांनी जायकवाडीच्या कालव्याचं काम केलंय. दारूचा काय संबंध?"

मराठवाड्यात कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात, एवढंच. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात कानडी आणि तेलुगूच्या शेजारी नांदला, आणि त्या दोन्ही भाषांत हा शब्द कंत्राटाच्याच अर्थाने आहे. आमच्या पुण्याच्या गुत्त्यालाही बहुधा दारूविक्रीच्या ठेक्यावरूनच नाव पडलं असणार. आम्ही ठेका विसरलो आणि दारू तेवढी लक्षात ठेवली. मक्त्याचंही असंच झालं. मूळचा तो ठरावीक रक्कम भरून घेतलेला हक्क, पण आता मक्तेदारी म्हटलं की आपल्याला बाजार दाबून बसलेला कुणीतरी दिसतो. ठेकेदाराचा ठेका तर संस्कृतीपर्यंत पोचला. त्या व्याह्यांकडे मी नंतर जेवलो. थापांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

ही चूक मी पुढे वर्षानुवर्षं चारचौघांत रंगवून सांगितली. दुसरी सांगितली नाही.

बदल्या होत होत मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ऑफिसात आस्थापना शाखेत आलो. तिथे साफसफाईचं काम ठेकेदारामार्फत चाले. चौतीस कामगार, बहुतेक बायका. माझ्या डोक्यात ठेकेदार म्हणजे कामाचा विडा उचलणारा माणूस: त्याने काम पुरं करावं, आपण बिल द्यावं, मधलं त्याचं त्याने पाहावं. हा ठेकेदार काही बांधत नव्हता, दुरुस्त करत नव्हता. झाडूसुद्धा आमचेच होते. तो फक्त माणसं पुरवायचा. ऊसतोडीचा मुकादम कारखान्याकडून उचल घेऊन कोयते आणतो, त्याच जातीचं हे काम. पण मुकादमाला मुकादम म्हणतात आणि याला कॉन्ट्रॅक्टरसाहेब, म्हणून मला दोघांत साम्य दिसलं नाही.

दर महिन्याला त्याचा माणूस पगाराचं रजिस्टर घेऊन यायचा. नावं, हजेरी, रक्कम, अंगठा किंवा सही, आणि खाली छापील मजकूर: वरील रक्कम माझ्या समक्ष अदा करण्यात आली. त्याखाली माझी सही. पैसे वाटले जायचे मागच्या शेडमध्ये, मी असायचो खुर्चीत. त्या शेडमध्ये मी दोन वर्षांत एकदाही गेलो नाही.

एका दुपारी त्यांतली एक बाई टेबलाशी येऊन उभी राहिली. रजिस्टरवर सव्वीस दिवस, हातात एकोणीस दिवसांचे पैसे. मी म्हणालो, "तुमच्या ठेकेदाराला विचारा. आमचा संबंध नाही."

ती म्हणाली, "त्यो म्हनतो, सायबांची सही झाली, आता बोलू नगं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी टिपणी लिहिली. "सदर बाब कंत्राटदार व त्याचे कामगार यांमधील असल्याने या कार्यालयाने हस्तक्षेप करणे उचित होणार नाही." वाक्य चांगलं जमलंय असं तेव्हा वाटलं होतं. साहेबांनीही लगेच सही केली.

पाचसहा महिन्यांनी कामगार खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि विचारलं, "हे वाटप कुठे होतं?" मी शेडकडे बोट दाखवलं. "आणि तुम्ही कुठे बसता?" आवाज न चढवता त्यांनी मला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा उघडायला लावला. वीस किंवा अधिक कंत्राटी कामगार असले की तो लागू व्हायचा, आमचे चौतीस. त्याच्या व्याख्येत नुसती माणसं पुरवणाराही कंत्राटदारच होता. आणि कलम २१: वाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर हवा, त्याने रक्कम प्रमाणित करायची. ठेकेदाराने कमी दिलं तर फरक मूळ मालकाने भरायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. मूळ मालक म्हणजे आमचं ऑफिस. प्रतिनिधी मी.

ते गेल्यावर मी जुनी फाइल काढली. ती बाई आली त्याच आठवड्यात ठेकेदाराचं बिल माझ्याच टेबलावरून मंजूर होऊन गेलं होतं. सात दिवसांचा रोज त्यातून कापणं हे अर्ध्या तासाचं काम होतं.

त्यानंतर मी शेडमध्ये जाऊन उभा राहू लागलो. बाकीच्यांना पूर्ण पैसे मिळू लागले आणि मागचा थोडा फरकही निघाला. ती बाई तोवर काम सोडून गेली होती. तिचा पत्ता ठेकेदाराकडे होता. तो मी मागितला नाही. मागितला असता तर माझीच टिपणी पुन्हा वर आली असती, हे त्याचं खरं कारण.

निवृत्तीनंतर एका ऑफिसने मला अकरा महिन्यांसाठी घेतलं. पहिल्या दिवशी फाटकावरच्या वॉचमनने वही पुढे ओढून विचारलं, "काका, कायम का कंत्राटी?"

"करार पद्धतीने," मी जरा ताठ होत म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि रकान्यात लिहिलं, कंत्राटी. त्याच्या शर्टावरही एका एजन्सीचाच बिल्ला होता. मग त्याने पेन माझ्या हातात दिलं आणि सहीची जागा दाखवली.